नव्या टाइपरायटरचा निर्णय

सोलापुरात एका गिरणीच्या कचेरीत आम्ही दोघं टायपिस्ट होतो. अक्षरांची मांडणी बदललेले नवे मराठी टाइपरायटर घ्यायचे की जुनेच ठेवायचे, हे साहेबांनी आमच्यावर सोपवलं. मला नवे हवे होते. माझ्या वयस्कर सहकाऱ्यांना मी नमुन्याच्या यंत्रापुढं बसवलं आणि 'क' दाबायला सांगितलं. 'क' समोरच होता, तरी त्यांची बोटं नुसती चाचपडत राहिली.

"बाई, मला अक्षरं दिसत न्हाईत," ते हळूच म्हणाले. "जुन्यावर बोटांना सगळं ठाव हाय."

मी सुन्न झाले. दोन वर्षं मी मजकूर मोठ्यानं वाचून दाखवायचे, ते टाइप करायचे, पण मला कधी शंकासुद्धा आली नव्हती. साहेबांना मी जुनेच राहू द्या म्हणून सांगितलं. त्यांनी कारण विचारलं, तेव्हा नवं शिकायचा मलाच कंटाळा आहे, असं मी म्हणाले.