दोनदाची चाळणी

आमच्या खोलीत चार टेबलं, दोन माणसं आणि एक कुरकुरणारा पंखा. एका टेबलावर मी, हॉस्पिटलभरातले प्रिंटर सांभाळणारी. दुसऱ्यावर दोनदा. त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल, पण सगळे त्यांना दोनदाच म्हणायचे आणि ते नाव मीच ठेवलं होतं. माणूस कुलूप लावायचा, चार पावलं जायचा आणि परत येऊन ओढून बघायचा. लिफ्टमध्ये पाय ठेवायचा नाही, फोन वाजला की दचकायचा. त्यांची बायको मला एकदा म्हणाली, "अहो, लग्नाला होकारसुद्धा दोनदा कळवला यांनी. पहिला पोचला नसेल तर, म्हणून."

मी त्यांची भरपूर थट्टा करायचे. मला भित्री माणसं आवडत नाहीत, कारण मी स्वतः भित्री आहे. फक्त मी ते मोठ्या आवाजाखाली झाकते.

हॉस्पिटलचा मेल सर्व्हर त्यांच्याकडे होता. रोज येणाऱ्या हजारो ईमेलपैकी कुठलं आत सोडायचं, कुठलं कचऱ्यात टाकायचं आणि कुठलं जागीच नष्ट करायचं, याचे नियम ते लिहीत. त्या नियमांना ते चाळणी म्हणत. नियम नुसते लिहून भागत नाही. ते कम्पाइल करावे लागतात, म्हणजे माणसाने लिहिलेल्या ओळींचं सर्व्हरला वापरता येईल असं रूप करावं लागतं. लिहिण्यात चूक असली की कम्पायलर ओळीचा नंबर देऊन ओरडतो. चूक नसली की गप्प बसतो.

"हे गप्प बसणं मला आवडत नाही, ताई," ते म्हणायचे. "ओळ नीट लिहिली आहे, एवढंच त्याला समजतं. मला काय म्हणायचं होतं, ते त्याला कुठे माहीत?"

म्हणून ते कम्पाइल केलेली चाळणी आधी बाजूच्या जुन्या मशीनवर लावत आणि स्वतःलाच दोन पत्रं पाठवत, एक वाईट, एक चांगलं. वाईट अडकलं पाहिजे, चांगलं पोचलं पाहिजे. मग तेच सगळं परत एकदा. त्यानंतरच चाळणी खऱ्या सर्व्हरवर चढायची.

त्या मंगळवारी सकाळी नऊच्या सुमाराला फसवी पत्रं पावसासारखी कोसळायला लागली. विषयात 'तातडीचे' आणि सोबत एक झिप फाइल. नोंदणी खिडकीवरच्या एकीने ती उघडली आणि तिचा संगणक गेला. आमचे साहेब धावत आले आणि दोनदांच्या खुर्चीमागे उभे राहिले.

"झालं का?"

"लिहितोय, साहेब."

"झालं का?"

विषयात 'तातडीचे' असेल आणि झिप फाइलही असेल, तर पत्र नष्ट करा, एवढाच नियम हवा होता. घाईत दोनदांनी आदल्या दिवशीचा एक नियम उचलून त्यात नव्या अटी भरल्या. कम्पाइल केलं. कम्पायलर गप्प. ते सवयीने जुन्या मशीनकडे वळले, तेवढ्यात साहेबांनी घड्याळाकडे बघून सुस्कारा टाकला आणि मी, मोठी शहाणी, म्हणाले, "अहो, आज एकदाच करा की. जग नाही बुडत."

साहेब हसले. दोनदांचे कान लाल झाले. त्यांनी चाळणी सरळ खऱ्या सर्व्हरवर चढवली. फसवी पत्रं बंद झाली, साहेब पाठ थोपटून गेले, मी चहा मागवला.

पण दोनदांना चहा गोड लागेना. सव्वादहाला त्यांनी कप ठेवला आणि राहिलेलं काम करायला घेतलं. 'तातडीचे' असा विषय घालून, फाइल वगैरे काही न जोडता, एक साधं चांगलं पत्र त्यांनी स्वतःला पाठवलं. ते आलं नाही. परत पाठवलं. तेही आलं नाही.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि कप ठेवून त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले.

आदल्या दिवशीच्या नियमात दोनपैकी कुठलीही एक अट पुरत होती. ते कलम तसंच राहिलं होतं. म्हणजे तासभर झाला, विषयात 'तातडीचे' असलेलं किंवा झिप फाइल जोडलेलं प्रत्येक पत्र, कुणाचंही असो, सर्व्हर नष्ट करत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोर आणि संन्यासी दोघेही लटकले होते.

त्यांनी नियम मागे घेतला आणि सर्व्हरची नोंदवही उघडली. तिच्यात नष्ट झालेलं पत्र कुणाकडून कुणाला होतं आणि किती वाजता आलं, एवढंच दिसतं. मजकूर गेला तो गेलाच. त्यांचं बोट ओळींवरून खाली सरकत गेलं आणि एका ओळीवर थांबलं. नऊ बावन्न. रक्त तपासणीची लॅब ते ऑपरेशन थिएटर.

आमच्याकडे एक पद्धत होती. ऑपरेशनआधीची तपासणी ठीक असेल तर लॅब काहीच कळवायची नाही. गडबड असेल तरच 'तातडीचे' असा मेल यायचा. काही आलं नाही म्हणजे सगळं ठीक, असं थिएटर धरून चालायचं.

"ताई, साडेदहाला पहिलं ऑपरेशन असतं," ते म्हणाले. घड्याळात दहा चोवीस झाले होते.

मी थिएटरला फोन लावला. कुणी उचलेना. लॅबचा लागेना. दोनदा खोलीबाहेर पडलेसुद्धा होते. मी फोन टाकून त्यांच्यामागे धावले. थिएटर सहाव्या मजल्यावर आणि आम्ही तळघरात. जिन्यापाशी ते क्षणभर थांबले आणि लिफ्टमध्ये शिरले. दार बंद झालं तसं त्यांनी माझं मनगट धरलं. मला वाटलं, मजल्यांचे आकडे मुद्दाम सावकाश बदलताहेत. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती आणि त्या भीतीत माझं वाक्य सारखं घुमत होतं. जग नाही बुडत.

थिएटरच्या दारात सिस्टर होत्या. "आत जाता येणार नाही."

"लॅबचा रिपोर्ट..." दोनदांनी सुरुवात केली.

"काही आलेलं नाही. म्हणजे ठीकच आहे."

"आला होता," दोनदा म्हणाले. "मी नष्ट केला. त्यांना थांबवा."

सिस्टरांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि आत पळाल्या. आम्ही दोघं भिंतीला टेकून उभे राहिलो. दोनदा काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं देवाचं नाव घेताहेत. कान देऊन ऐकलं तर ते त्या नियमाच्या अटी पुन्हा पुन्हा म्हणत होते.

वीस मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले. लॅबशी त्यांचं बोलणं झालं होतं. पोटाच्या ऑपरेशनला घेतलेल्या आजींचं रक्त गोठत नव्हतं. "भुलीची सुई भरून तयार होती," डॉक्टर म्हणाले. "कापलं असतं तर रक्त थांबवता आलं नसतं मला." ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. दोनदा तिथेच जमिनीवर बसले.

दुपारी साहेब म्हणाले, अहवालात 'तांत्रिक बिघाड' लिहून मोकळे व्हा. दोनदांनी लिहिलं, 'नियम मी लिहिला. तपासला नाही.' मी बाजूला उभी होते. त्याखाली माझंही एक वाक्य यायला हवं होतं. ते मी त्या दिवशी लिहिलं नाही, म्हणून आज लिहिते आहे.

नष्ट झालेल्या बाकीच्या त्रेसष्ट खऱ्या पत्रांसाठी, फोनला घाबरणाऱ्या त्या माणसाने दोन दिवस त्रेसष्ट फोन केले. लॅब आता सगळं ठीक असलं तरी तसं कळवते.

आजींवर आधी औषधोपचार झाले, मग ऑपरेशन. बाराव्या दिवशी त्या घरी निघाल्या. दोनदांना ते कुणाकडून कळलं कोण जाणे. ते फाटकाजवळच्या खांबाआड जाऊन उभे राहिले. मीही मागोमाग गेले. लेकीने आजींना हाताला धरून गाडीत बसवलं. आजी तिच्यावर खेकसल्या, "हळू गं, मी काय पळून चाललेय?" गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. खांबाआड कोण उभं आहे, हे त्यांना कळायचं काही कारण नव्हतं.

आम्ही खाली खोलीत आलो. दोनदा खुर्चीत बसले, समोरच्या काळ्या पडद्याकडे बघत राहिले आणि मग उठून दाराकडे निघाले.

"कुठे?" मी विचारलं.

"परत एकदा बघून येतो," ते म्हणाले. "गेल्या ना नक्की."

मी चप्पल पायात सरकवली आणि त्यांच्याबरोबर गेले.