मूळमास्तरांचा संप

आमच्या शाळेतले इंग्रजीचे मास्तर शब्दाचा नुसता अर्थ कधी विचारत नसत. मुलगी द्यायची असल्यासारखं त्याचं घराणं विचारत. म्हणून अवघं सोलापूर त्यांना मूळमास्तर म्हणे. मी त्याच शाळेत ड्रॉइंग शिकवायचो आणि मधल्या सुट्टीत हटकून त्यांच्या तावडीत सापडायचो.

दर सोमवारी फळ्याच्या कोपऱ्यात एक शब्द लिहायचा आणि शनिवारपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता. गिरणीत संप सुरू झाला, त्या सोमवारी त्यांनी लिहिलं, ‘स्ट्राइक’. वर्गातल्या निम्म्या मुलांचे बाप संपावर होते.

मग एका पाद्र्यानं मायदेशी जाताना दिलेले जाडजूड कोश त्यांनी उघडले. इंग्रज खलाशांनी शिडं ‘स्ट्राइक’ केली, म्हणजे उतरवली, जहाजं जागची हलेनात, तिथून हा शब्द आला. जर्मनांनी तो तसाच उचलला. फ्रेंच लोक संपाला ‘ग्रेव्ह’ म्हणतात. पॅरिसच्या नदीकाठी त्या नावाचा चौक होता, तिथं बेकार माणसं कामाची वाट बघत उभी राहत. स्पॅनिश लोकांच्या ‘उएल्गा’च्या मुळाशी भात्यासारखी धाप लागलेला माणूस आहे. “घडीभर दम खातोय बिचारा,” मास्तर म्हणाले.

हे मुख्याध्यापकांच्या कानावर गेलं. शाळेच्या कमिटीत गिरणीचे मालक होते. “आत्ताच्या आत्ता तो शब्द पुसा, नाहीतर राजीनामा द्या,” मुख्याध्यापक म्हणाले. मास्तर मूळचे अक्कलकोटकडचे. चिडले की पुस्तकी भाषा गळून गावची बोली यायची.

“राजीनामा कशाला? काढून टाका की. पण कारण लिवून द्या. आन् कारणात त्यो शब्द तुमच्या हातानं लिवा.”

मुख्याध्यापकांची लेखणी काही उचलेना. शेवटी ‘प्रकृती बरी नाही’ असं कारण घालून मास्तरांना घरी बसवलं. प्रकृती ठणठणीत होती, त्यामुळे ते घरी बसलेच नाहीत. रोज गिरणीच्या दारात जाऊन तेच कोश उघडत. गिरणीत सुताच्या कांड्या भरणारी एक बाई ऐकून म्हणाली, “म्हंजे आमी माजलो न्हाय, दम खातोय. व्हय की न्हाय, मास्तर?” मास्तरांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

पुढे संप मोडला. पोट कुणाला चुकलंय? माणसं खाली मान घालून आत गेली. कमिटीनं मला मास्तरांकडे धाडलं: माफीच्या दोन ओळी लिहा, जागा तुमचीच आहे. त्यांच्या घरात चूल एकवेळच पेटत होती. त्यांच्या बायकोकडे बघवेना, म्हणून मीही गळ घातली.

“गिरणीचा मोडला,” मास्तर शांतपणे म्हणाले. “माजा चालू हाय की.”

मला त्यांचा संताप आला आणि अभिमानही वाटला, अभिमान जास्त. पुढे शिकवण्यांवर भागेना, तेव्हा कोशही विकले, पण त्या दोन ओळी त्यांनी लिहिल्या नाहीत. मास्तर वारले तेव्हाही त्यांचा संप चालूच होता.