चालता रहाट आणि कॅमेऱ्याचं झाकण

माझ्या वडिलांनी जन्मात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, आणि पहिल्या खेपेला ती मी घालवली. नशीब वगैरे काही नाही. माझ्या तोंडामुळे घालवली.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. वसईत आमची वाडी होती, केळी, पोफळी, पानवेल आणि कडेकडेनं मोगरा. मी शाळेत शिकवत होते, लग्न व्हायचं होतं, आणि घरात सगळ्यांत चढा आवाज माझा होता. आजूबाजूच्या वाड्यांत विजेचे पंप येऊन जुने झाले, तरी आमच्याकडे रेडा गोल फिरायचा आणि विहिरीवरचा लाकडी रहाट कुरकुरत गाडग्यांची माळ वर आणायचा. "पंप घ्या, पंप घ्या," म्हणून बाबांचं डोकं मीच दोन वर्षं खाल्लं. शेवटी त्यांनी अर्ज केला. पंप आला. त्याच्या खोलीला जागा हवी म्हणून रहाट उतरवायचं ठरलं, आणि खाडीकडच्या एका शेतकऱ्यानं रेडाही विकत घ्यायचा ठरवून टाकला.

त्याच आठवड्यात बाबा ओटीवर माझ्या शेजारी येऊन बसले. बराच वेळ सुपारी कातरली. मग म्हणाले, "बाय, मामानं तुला कॅमेरा दिलाय ना? रहाटाचा एक फोटो काढून दे मला. थांबलेला नको. चालता पाहिजे."

त्या रहाटाचे लाकडी दात झिजले की बाबा स्वतः नवे तासून बसवायचे. लग्नाआधीपासून ते त्याच्यामागे फिरत होते. मी हो म्हटलं. पंपासाठी घसा फोडणारी मीच, तेव्हा एवढं तरी माझ्या हातून व्हायलाच हवं होतं.

कॅमेऱ्याचं आधी सांगते. माझा मामा बोटीवर नोकरीला होता. डोळ्यांना कमी दिसायला लागलं तेव्हा त्यानं आपला जुना कॅमेरा घरातल्या कुठल्याही मुलाला न देता मला दिला, त्यामुळे दोनचार जणांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जड, धातूचा, आणि ज्यात भिंगातून बघायचं नसतं असा कॅमेरा. भिंगाच्या वर बाजूला एक वेगळी बारीक खिडकी. तिच्यातून पाहिलं की समोरच्याची दोन चित्रं दिसायची. भिंगाची कडी फिरवून ती एकावर एक बसवायची, की फोकस झाला. खिडकीत दिसतं ते भिंगाला दिसतंच असं नाही, एवढी साधी गोष्ट आहे. ती मी आता लिहितेय. तेव्हा ती माझ्या डोक्यात नव्हती.

कॅमेऱ्याबरोबर एक पिशवी आली होती. बोटीवरच्या माणसाला बंदर लागलं की काहीतरी विकत घ्यायची खोड असते. तीन रंगांच्या काचा, भिंगाला लावायचं पत्र्याचं नळकांडं, काटा मेलेला उजेडाचा मीटर, ताटलीएवढा फ्लॅश, लांबून बटण दाबायची एक केबल, एक काडेपेटीहून लहान डबी जिचं काय करायचं ते मामालाही आठवत नव्हतं, आणि भिंगावर घट्ट बसणारं काळं झाकण. यातलं कामाचं काय, हे विचारायला मी स्टेशनजवळच्या स्टुडिओत गेले. स्टुडिओवाले म्हणाले, "बाई, पोफळीत अंधार असतो, फ्लॅश लावा." मी म्हटलं, फ्लॅश मारला की माझे बाबा चोरी करताना सापडल्यासारखे दिसतील, मला तो नको. मग मी स्वतःच निवड केली. मीटर नको, काचा नकोत, नळकांडं नको. विहिरीवर पाणी उडतं, चिखल उडतो, तेव्हा सगळ्यांत उपयोगाचं काय? झाकण. माझ्या अकलेचा मला फार अभिमान होता.

रविवारी सकाळी बाबांनी धुतलेलं धोतर नेसलं. रेड्याला धुतलं, त्याच्या डोळ्यांवर झापडं बांधली. आईनं रहाटाला कुंकू लावलं. रेडा चालायला लागला, गाडगी भरून वर आली, पाणी पन्हळीत पडायला लागलं. मी खिडकीला डोळा लावला. सगळं कसं लख्ख दिसत होतं. तेवढ्यात बाबा फेरा घेता घेता माझ्यासमोर आले आणि म्हणाले, "बाय, त्या काचेवर ते..."

"बाबा, मला शिकवू नका. तुम्ही तुमचा रेडा सांभाळा."

ते पुढे फिरत राहिले. मी छत्तीसच्या छत्तीस फोटो काढले आणि रोल संपला तेव्हा मला वाटलं, आता मामालाही दाखवीन कसे काढतात ते. दुसऱ्या दिवशी रहाटाची माळ उतरली. मंगळवारी खाडीकडचा माणूस रेडा घेऊन गेला. जाताना बाबांना म्हणाला, "लय पानी ओढलंय यानं, आता मी बसवून खायला घालीन." बाबा नुसते हसले.

शनिवारी मी स्टुडिओत गेले. त्यांनी धुतलेला रोल उजेडासमोर धरला. काचेसारखा स्वच्छ. एक रेघ नाही. मग ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाई, झाकण काढलं होतंत ना?"

तो रोल पर्समध्ये घालून मी घरापर्यंत चालत आले. वाटेत शाळेतली दोन मुलं भेटली, नमस्कार म्हणाली, मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाबा विहिरीवर होते, रहाटाची सुटी लाकडं एकाला एक लावून ठेवत होते. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. "काही आलं नाही. झाकण लावलेलं राहिलं."

"हो," ते म्हणाले. "होतं झाकण. मी बघितलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलत होतो. तू म्हणालीस शिकवू नका. मला वाटलं, तसंच लावत असतील. तू शिकलेली."

मला रडू आलं. फोटो गेला म्हणून नाही. आपला बाप आपल्या आवाजाला इतका दबून असतो, हे मला पंचविसाव्या वर्षी कळलं म्हणून. झापडं रेड्यालाच होती असं नाही. बाबा म्हणाले, "जाऊ दे गं, लाकडं ठेवतोच आहे मी." ते "जाऊ दे" ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. जाऊ द्यायचं नव्हतं. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "रहाट परत लावायचा."

आई मागे उभी होती. ती म्हणाली, "आणि ओढणार कोण? रेडा गेला."

"मी ओढीन."

"तू ओढलास तर फोटो कोण काढील?" आई मला अधूनमधून मुलगाच म्हणायची, विशेषतः मी हट्टाला पेटले की.

पंपाची खोली बांधायला गवंडी यायला आठ दिवस होते. मी मामाची पिशवी पुन्हा जमिनीवर ओतली आणि या वेळी एकेक वस्तू हातात घेऊन तिला विचारलं, तू माझ्या कुठल्या कामाची? पत्र्याचं नळकांडं घेतलं, कारण ते भिंगाच्या पुढे आलं की पाण्याचे शिंतोडेही अडतात आणि पोफळीतून येणारी तिरीपही. त्यावर झाकण बसतच नव्हतं, हा त्याचा मोठा गुण. पिवळी काच घेतली, भिंग झाकायला तीच पुरे होती. फ्लॅश नको होता, पण तो ज्या पट्टीवर बसायचा तिचा स्क्रू कॅमेऱ्याच्या बुडाला नेमका बसत होता. स्टुडिओवाले त्यांची तिवई द्यायला तयार होते. पण तिचे बारीक पाय आमच्या ओल्या मातीत रुतले असते. मी पोफळीचा एक ओंडका जमिनीत ठोकून घेतला आणि त्याच्या माथ्यावर ती पट्टी खिळ्यांनी मारली. हलेल तर शपथ.

राहिली ती लहानशी डबी. तिला चावी होती. चावी फिरवली की घरघर करायची आणि शेवटी तिच्या बुडातली बारीक काडी टक्कन बाहेर यायची. मी ती केबलच्या जागी कॅमेऱ्यात पिळून बसवली, चावी दिली, सोडली. घरघर, घरघर, आणि कॅमेरा आपोआप वाजला. बोट न लावता. मी स्वयंपाकघरात धावत जाऊन आईला म्हटलं, "फोटो काढणारा मिळाला."

झाकण मी शेणखताच्या खड्ड्यात भिरकावलं. हे कुणालाच सांगितलं नाही.

बाबांनी दोन दिवसांत रहाट उभा केला. माणसांना ओढायचा म्हणून माळेतलं एकाआड एक गाडगं काढून ठेवलं. मी रोल न भरता चार दिवस शाळा सुटल्यावर सराव केला. डबी बारा आकडे मोजेपर्यंत घरघरायची. तेवढ्यात मी चावी सोडून धावायचं, रेड्याला जुंपायच्या दांड्याला हात घालायचा, आणि तिघांनी मिळून मी खुणेला ठेवलेल्या करवंटीपाशी पोचायचं. फोकस त्या करवंटीवर बांधून ठेवला होता. आई ढकलता ढकलता मोठ्यानं आकडे म्हणायची आणि सातानंतर दर वेळी हसायची. एकदा मी घसरून पाटात पडले. बाबा म्हणाले, "रेडा कधी पडला नव्हता." मी त्यांना उलट उत्तर दिलं नाही. जिभेवर आलं होतं, गिळलं.

रविवारी रोल भरला. बाबांनी तेच धोतर नेसलं. बाबा आणि आईनं दांडा ढकलायला सुरुवात केली. गाडगी वर आली, पन्हळीत पाणी पडलं, रहाट कुरकुरला. दोघं ठरलेल्या पोफळीपाशी आली तशी मी चावी सोडली आणि धावले. दांडा छातीला लागला. तो इतका जड असेल असं मला वाटलं नव्हतं. आई आकडे म्हणत होती. सात. आठ. नऊ. बाबांनी मान वळवून कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. ते चाचरले, मला दिसलं ते. अकरा. आणि मग ते बोललेच.

तो फोटो बाबांनी घरात लावला नाही. पंपाच्या खोलीत लावला, मोटारीच्या वर, आणि पंप चालू करायला गेले की आधी त्याच्याकडे बघायचे. पन्हळीतून पाणी पडताना दिसतं, आई हसतेय, माझी वेणी सुटलीय. बाबांचं तोंड अर्धवट उघडं आहे आणि नजर माझ्यावर आहे. फोटो आता माझ्याकडे असतो. बघणारे म्हणतात, काय छान, रहाटावरचं गाणं म्हणतायत का? मी हो म्हणते. कोण समजावत बसणार.

ते विचारत होते, "बाय, झाकण काढलंस ना?"