उल्काने भिशी उचलली

उल्का गवईचा पगार पंधरा हजार. एवढ्यात पुण्यात भागतं का, असं कुणी विचारलं की ती घरभाडं, खाणावळ, बसचा पास, गावी पाठवायचे पैसे असं सगळं बोटांवर मोजून दाखवायची आणि वर ऐटीत सांगायची, "शिवाय दोन हजार भिशीत." वाशीमहून आलेली ही पोरगी लॅब टेक्निशियनचा कोर्स संपवून धायरीतल्या एका लॅबमध्ये लागली, त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. पैशाच्या बाबतीत मात्र तिने कॉलेजातच चार पावसाळे जास्त पाहिले होते.

ऑक्टोबर संपता संपता लॅबच्या मॅडमनी तिला बोलावलं. एक तारखेपासून घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने आणायला माणूस हवं होतं. पगार तोच, वर दर घरामागे ऐंशी रुपये. रोज पाच-सहा घरं झाली तरी महिन्याला दहा-बारा हजार जास्तीचे. अट एकच, गाडी स्वतःची पाहिजे, नाहीतर काम दुसऱ्याला. उल्का त्या दिवशी बसमधून घरी आली ती जवळजवळ तरंगतच.

दोन दिवसांत गाडीही सापडली. शनिवार पेठेतले महिपतराव नावाचे एक निवृत्त गृहस्थ आपली जुनी, पण निगुतीने वापरलेली स्कूटर विकत होते. बावीस हजार. फोनवर त्यांनी आधीच बजावलं, "किंमत कमी होणार नाही. तीस तारखेपर्यंत थांबेन. उपकार म्हणून नव्हे, एकतीसला दुसरं गिऱ्हाईक येणार आहे म्हणून."

"नवीच घे ना," तिची रूममेट निकिता म्हणाली. "झीरो डाउन पेमेंट. ॲपवर दोन मिनिटांत लोन अप्रूव्ह होतं." निकिताचा फोन असाच हप्त्यावर घेतलेला होता, आणि दर पाच तारखेला हप्ता कापला गेला की ती त्या फोनकडे बघायचीसुद्धा नाही.

"फेऱ्यांचे पैसे हप्त्यातच जाणार असतील, तर मी पळू कुणासाठी?" उल्का म्हणाली. तिचा भरवसा भिशीवर होता.

ही भिशी कांताबाईंच्या खाणावळीत चालायची. तिथे जेवणारे बारा जण दरमहा दोन-दोन हजार काढायचे, आणि जमलेले चोवीस हजार दर महिन्याला एकाला मिळायचे. कुणाला, ते बोलीवर ठरे. ज्याला नड असेल त्याने सांगायचं, मी इतके कमी घेईन. जो सगळ्यात जास्त सोडेल, त्याला भिशी. त्याने सोडलेले पैसे बारा जणांत सारखे वाटायचे. एकदा तोंडातून आकडा गेला की गेला, हा कांताबाईंचा कायदा. सहा महिने उल्का गप्प बसून दुसऱ्यांनी सोडलेले वाटे गोळा करत होती. ते पैसे तिने गाडी नावावर करण्यासाठी आणि विम्यासाठी वेगळे ठेवले होते, आणि त्यांना हात लावायचा नाही असं स्वतःला बजावलं होतं.

रविवारी जेवणं आटोपता आटोपता कांताबाईंनी विचारलं, "कुणाला हवी या महिन्याची?"

"पाचशे सोडते," उल्का म्हणाली.

कुणी बोललं नाही. कोपऱ्यातल्या योगेशने मात्र मान वर केली. यालाही हवी आहे, उल्काच्या मनाने घेतलं. तिने घाईघाईने सांगितलं, "हजार."

योगेशने घसा खाकरला.

"दोन हजार. नाही, तीन."

"मला फक्त एक पोळी हवी होती," योगेश म्हणाला.

सगळी खाणावळ हसली. कांताबाई पोळी वाढता वाढता म्हणाल्या, "अगं बाई, समोर कुणी नसताना लढत कुणाशी होतीस?" पण कायदा तो कायदा. उल्काच्या हातात एकवीस हजार आले, वर तिच्या वाट्याचे अडीचशे. पाचशेवर गप्प राहिली असती तर बावीस हजार देऊन दीड हजार उरले असते. आता साडेसातशे कमी होते. महिनाअखेर, पगार सात तारखेला. कांताबाईंनी उसने दिलेही असते, पण आपल्या जिभेचा दंड दुसऱ्याकडून कसा भरून घ्यायचा? रात्रभर तिने स्वतःला शिव्या घातल्या आणि सकाळी, होईल ते होवो म्हणून, शनिवार पेठ गाठली.

महिपतरावांनी नोटा दोनदा मोजल्या. "साडेसातशे कमी आहेत."

उल्काने घडलं ते सगळं सांगितलं, योगेशच्या पोळीसकट. म्हाताऱ्याचा चेहरा हलला नाही. "माझी सत्तर वर्षं या पेठेत गेली," ते म्हणाले. "एकट्याने लिलाव रंगवणारं माणूस पहिल्यांदा पाहतोय. पण किंमत कमी होणार नाही, हे मी आपल्याला सांगितलं होतं."

उल्काचा चेहरा उतरला. ती उठणार, तोच ते पाना घेऊन अंगणात गेले. "लेगगार्ड चारशेचा," त्यांनी शांतपणे नट सोडवायला घेतले. "सीट कव्हर दोनशे. पायाखालची रबरी मॅट दीडशे. हे माझ्याकडे राहील. उरलेली गाडी सव्वाएकवीस हजारांची. चालेल?"

चालेल काय, उल्काला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. ती स्वतःच वाकून दुसऱ्या बाजूचे नट सोडवायला लागली. हात काळे झाले, कागदांवर सह्या झाल्या, आणि अर्ध्या तासात ती ते उघडंबोडकं वाहन घेऊन सिंहगड रस्त्याला लागली. वारा तोंडावर येत होता आणि ती एकटीच हसत होती.

वडगावपाशी तिला राहवेना. गाडी कडेला घेऊन तिने वाशीमला वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. रामदास गवई तिथे शाळेत शिपाई. त्यांच्या घरात टीव्ही, पंखा, शिलाई मशीन, जे जे आलं ते हप्त्यानेच आलं होतं.

"गाडी घेतली, बाबा," उल्का म्हणाली.

रामदासांनी डोळे बारीक करून गाडी पाहिली. मग काळजीने विचारलं, "हप्ता किती पडते?"

"हप्ताच नाही. सगळे पैसे दिले."

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि पुन्हा एकदा गाडीकडे नीट पाहिलं.

"म्हंजे पुरी तुहीच?"

"पुरी माझीच, बाबा."