उपाशीपोटी काय घेता?

चहा खाली ठेवा आधी, नाहीतर हसताना अंगावर सांडेल. फजिती माझीच आहे, तेव्हा लाजू नका.

मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेला माणूस. तब्येत? दगड! एके सकाळी दाढी करत होतो, तर बायको म्हणाली, "अहो, डोळे पिवळेजर्द दिसतायत तुमचे."

कावीळ! पण आली कुठून? मी डोकं चालवलं. पंधरा दिवसांपूर्वी निफाडला लेकीच्या सासरी गेलो होतो. तिथं व्याह्यांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, बर्फ घालून उसाचा रस पाजला होता. झालं, गुन्हेगार सापडला! लावला फोन.

"अण्णा, तुमच्या रसानं माझं लिव्हर खाल्लं!"

बिचारे काकुळतीला आले. "पाव्हणं, लय वाईट झालं हो." तिकडे लेक रडायला लागली. दोन दिवसांत सासर-माहेरची बोलणी बंद. पण मी ऐकतोय कसला!

हॉस्पिटलात भरती झालो. डॉक्टर मॅडम माझ्या लेकीच्या वयाच्या.

"काका, कुठली औषधं चालू आहेत?"

"एक गोळीसुद्धा नाही!" मी छाती पुढे काढून म्हणालो.

रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. काविळीचे नेहमीचे विषाणू शोधले, एकही सापडेना. पिवळेपणा मात्र वाढतच चालला. "लिव्हरमध्ये सुई घालून तुकडा काढून बघावा लागेल कदाचित," मॅडम म्हणाल्या. खरं सांगतो, मी घाबरलो. बायको खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होती.

मग मॅडमनी कॉम्प्युटर उघडला. "हा एआय आहे काका. औषधांमुळे लिव्हर बिघडलं असेल, तर शोधायला मदत करतो. निर्णय माझाच असतो."

"पण मी औषध घेतच नाही!"

त्यांनी तेही टाइप केलं, सगळे रिपोर्ट टाकले. स्क्रीनवर काहीतरी उमटलं. मॅडम वाचून गालात हसल्या.

"काका, सकाळी उपाशीपोटी काय घेता?"

"गुळवेलीचा काढा!" मी खुशीत सांगितलं. "दोन महिने झाले, रोज मोठा पेला. आणि कावीळ झाल्यापासून तर दोन पेले!"

बायकोनं कपाळावर हात मारून घेतला.

आता तुम्हीच सांगा, काढ्याला कोणी औषध म्हणतं का? तो तर घरचा!

"मॅडम, हे विचारायचं सुचलं कसं तुम्हाला?"

"यानं सुचवलं. म्हणतोय, घरच्या काढ्याला बरेच लोक औषध मानत नाहीत. सकाळी काय घेता, असं विचारून बघा."

अंगावर सर्रकन काटा आला हो! ज्यानं जन्मात कधी चूळ भरली नाही, त्याला आमच्या घरातली सकाळ माहीत! मी चक्क त्या स्क्रीनला हात जोडले. मॅडम म्हणाल्या, "काका, गुळवेलीनंही लिव्हर बिघडू शकतं. हात नंतर जोडा, आधी काढा बंद करा."

काढा बंद केला. आठवडाभरात रक्तातले आकडे उतरायला लागले, सुई टळली. राहिले अण्णा. बायकोनं फोन लावून माझ्या हातातच दिला.

"अण्णा, रसाचा काही दोष नव्हता. माझ्या काढ्यानं घात केला. माफ करा मला." आणि बोलता बोलता मला एकदम आठवलं. "अण्णा! गेल्या महिन्यात तुम्हाला गुळवेलीच्या जुड्या दिल्या होत्या! रोज पितो म्हणालात ना? आधी बंद करा! आरशात डोळे बघा!"

पलीकडे अण्णा खाकरले.

"पाव्हणं, रागावू नका. म्या एक दिस बी प्यालो नाय. तुमचं मन राखायला म्हनायचो, पितो म्हनून. जुड्या म्हशीम्होरं टाकल्या, तर तिनं बी हुंगून सोडल्या."

घ्या! मशीननं पाच मिनिटांत ओळखलं, म्हशीनं एका हुंगण्यात. पेला विसळून शेवटचा थेंबसुद्धा पिणारा शहाणा एकटा मीच!