मी बसली त वाढन कोन?

देवकाबाई कटरेंच्या घरी 'नको' म्हणायची सोय नव्हती. ताटावर हात आडवा धरला, तर त्या बोटांच्या फटीतून भात सोडत. एकदा गरम वरण माझ्या मनगटावर सांडलं, तर मलाच म्हणाल्या, "मेश्रामबाई, हात काऊन मधात आनता? जेवाले बसल्या का मारामारी कराले?"

गोंदियाजवळच्या फुलचूरला आमची घरं भिंतीला भिंत लागून. मी टेलिफोन खात्यात, त्यांचे यजमान कटरेगुरुजी प्राथमिक शाळेत. त्यांची धानाची शेती दवनीवाड्याला. तिथून चिन्नोर तांदळाची पोती घरी आली की देवकाबाईंना अंगात आल्यासारखं होई. पोस्टमन, गवंडी, माझा गॅस दुरुस्त करायला आलेला माणूस, कोणीही त्यांच्या तावडीतून उपाशी सुटत नसे. "पोटभर जेवत नाही त्या मानसाच्या मनात खोट राह्यते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला ते कधीच पटलं नाही, पण वाद घालायला तोंड रिकामं लागतं.

आणि अशा बाईच्या पोटची मीनल उपाशी राहत होती.

हे दोन हजार सहा-सातच्या सुमाराचं. मीनल बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. आधी सोळा सोमवार धरले, मग गुरुवार, मग शनिवार, मग एकादशी. देवकाबाईंची छाती फुगली. "माह्या पोरीले देवाचं वेड हाय," असं साऱ्या गल्लीला सांगत. बायका आपल्या मुलींना मीनलचा दाखला देऊ लागल्या. आमच्याकडे उपासतापास माझ्या सासऱ्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच बंद केले, त्यामुळे मला त्यातलं काही कळत नाही, असं देवकाबाईंचं ठाम मत होतं. मला एवढं दिसत होतं की उपास सुटायच्या वेळी ही मुलगी सगळ्यांना आग्रह करकरून वाढते आणि आपण "आईबरोबर बसते" म्हणून आत जाते. केसांचे पुंजके मोरीत. आणि भर मे महिन्यात अंगावर स्वेटर. गोंदियात मे महिन्यात स्वेटर घालणारी मुलगी आजारी आहे, एवढं कळायला उपास कशाला करावे लागतात?

मी बोलले, तर देवकाबाई म्हणाल्या, "तुमची नजर नोका लावू."

शेवटी पाळी बंद झाली तेव्हा घाबरल्या. मग सुरू झाली डॉक्टरांची वारी, आणि डॉक्टरांपुढे देवकाबाईंची जीभ टाळूला चिकटे, म्हणून मी सोबत. पहिल्या डॉक्टरांनी सलाइन लावली, टॉनिक दिलं आणि हिंदीत समजावलं, "कुछ नहीं है, खाना खाओ बेटा." दुसऱ्यांनी आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे सिकलसेल तपासलं, छातीचा फोटो काढला, दोन्हीत काही निघालं नाही तेव्हा आम्हाला आनंद व्हावा अशी त्यांची अपेक्षा होती. तिसऱ्या बाई म्हणाल्या, लग्न करून द्या, सगळं सुरळीत होईल. त्यानंतर देवकाबाईंनी मला न सांगता बालाघाटकडच्या कोणाकडून तरी काळा दोरा आणला. तो मीनलच्या दंडावर बांधला, तर पंधरवड्यात सैल होऊन कोपरापर्यंत घसरला. देवकाबाईंनी तो पुन्हा आवळून बांधला. मी कपाळावर हात मारला.

मग मीनल कॉलेजच्या प्रयोगशाळेत चक्कर येऊन पडली. सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना बाहेर काढलं आणि तिच्याशी एकटीशी बोलल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "हा देवाचा उपास नाही. हिला खायची भीती वाटते. हा मनाचा आजार आहे आणि यात जीव जातो. मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा."

दाखवा म्हणणं सोपं. गोंदियात असे डॉक्टर तेव्हा मला तरी सापडले नाहीत. मी नागपूरची डिरेक्टरी घेऊन बसले. आहारतज्ज्ञ म्हणून जिथे जिथे फोन केला, तिथे पलीकडून गोड आवाजात एकच विचारणा: "किती किलो कमी करायचं आहे?" मी म्हणायची, वाढवायचं आहे हो! तर फोन दुसऱ्याकडे. शेवटी तिथल्या एका मोठ्या दवाखान्यात अशा मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टर सापडल्या. वेळ घेतली, गाडी बघितली, आणि देवकाबाई म्हणाल्या, "नाही."

"वेड्याच्या डाक्टरकडं कायले? माही पोरगी पागल हाय का? उद्या लगनाले कोन इचारन तिले?"

"लग्नाला आधी पोरगी तर राहिली पाहिजे," मी म्हणाले.

त्यावरून आमचं बोलणं बंद. भिंतीपलीकडून भांडी मुद्दाम आपटल्याचे आवाज येत. एका सकाळी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या, हात शिकेकाईने माखलेले. मीनलला उभं राहवत नव्हतं, म्हणून किती दिवसांनी तिला न्हाऊ घातलं होतं. तिच्या पाठीची हाडं पाहिली होती. एवढंच विचारलं, "नागपूरची गाडी कितीले हाय?"

नागपूरच्या डॉक्टर पोक्त, शांत. रक्त, हृदयाचा आलेख, वजन सगळं झालं. मग विचारलं, "घरी ही कोणाबरोबर जेवते?"

गुरुजींनी देवकाबाईंकडे पाहिलं. गुरुजी आणि आलेगेले आधी जेवत. मीनल आईबरोबर जेवते, असं सगळे समजत.

"आणि तुम्ही कधी जेवता?" डॉक्टरांनी देवकाबाईंना विचारलं.

"मी? मी मंग खातो न. उरलं-सुरलं. चुलीपाशी, उभ्या उभ्या."

इतकी वर्षं शेजार, माझं अर्धं वजन त्यांच्या हातचं, आणि या बाईला ताट घेऊन बसलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, ठरलेल्या दिवशी यायचं बजावलं, सगळे उपास बंद केले. आणि सांगितलं, "दिवसातून तीनदा आईनं स्वतःचं ताट घेऊन मुलीशेजारी बसायचं. जेवायचं. तिचं होईपर्यंत उठायचं नाही. आणि तिच्या ताटाबद्दल एक शब्द बोलायचा नाही."

बाकी सगळं देवकाबाईंनी मान्य केलं. इथे अडल्या. "डाक्टरीनबाई, मी बसली त वाढन कोन?"

डॉक्टर गुरुजींकडे पाहत राहिल्या.

पुढचे महिने आठवले तरी अजून डोकं उठतं. गुरुजी वाढताना वरण सांडत, मिठाचा डबा शोधत फिरत. देवकाबाई दर घासाला अर्ध्या उठत, "लोनचं त..." आणि मी भिंतीवरून ओरडे, "बसा!" मीनलने ताटं भिरकावली, पोळी ओढणीत लपवली, आईला वाटेल ते बोलली. दोनदा नागपूरला भरती करावी लागली. आयुष्यभर लोकांच्या ताटावर बोलत आलेली ही बाई ओठ आवळून समोर बसून राही, डोळ्यांतून पाणी चाललंय आणि आपला घास चावतेय. गल्लीतल्या बायका विचारत, मीनलचे सोमवार सुटले का हो? "देवानंच सुट्टी देली तिले," देवकाबाई म्हणत, "तुमाले काही तकरार असन त त्याले सांगा."

मीनल एका दमात बरी झाली नाही. आजही एखादा महिना वाईट जातो, तेव्हा ती स्वतःहून डॉक्टरांकडे जाते. पण पदवी झाली, नागपूरला नोकरी लागली. स्वेटर फक्त थंडीत घालते.

देवकाबाई हृदयविकाराने गेल्या. त्याच्या आदल्या महिन्यात, एका रविवारी भर दुपारी मी त्यांच्याकडे गेले. मायलेकी जेवायला बसल्या होत्या. पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची भाजी आणि भात. मी ताट घेऊन बसले आणि सवयीने त्यावर हात आडवा धरला. वाढायला कोणी आलं नाही.

"भात थो तिथं हाय," देवकाबाई जागेवरूनच म्हणाल्या. "घ्या आपल्या हातानं. मी जेवून राहिलो न."

मी उठून वाढून घेतलं. भात जरा कमीच घेतला. त्यांनी माझ्या ताटाकडे पाहिलं, ओठ आवळले आणि पुढचा घास घेतला.