पळसाच्या पानातली बुरशी

लग्न होऊन अमडापूरला आले तेव्हा सासूबाई माझ्या हाती चूल सोपवायला तयार नव्हत्या. डाळसुद्धा स्वतः मोजून द्यायच्या, जणू मी ती माहेरी पोचवणार होते. एखादा पदार्थ तरी सगळा माझ्या हातचा या घरानं खावा, एवढाच माझा हट्ट होता.

त्या वर्षी तूरडाळ फार महागली. आमचे हे शेतकी खात्यात नोकरीला. अकोल्याहून येताना त्यांनी पायलीभर सोयाबीन आणि पुडीत थोडी काळपट भुकटी आणली. शिजवलेल्या दाण्यांना भुकटी लावून दोन दिवस उबेला ठेवायचं, पांढरी बुरशी धरून घट्ट ढेप झाली की वड्या कापून तळायच्या. जावा बेटावरचे गरीब लोक हेच खातात म्हणे. टेम्पे त्याचं नाव.

"नासवाचं अन् मंग खाचं? काऊन?" सासूबाई म्हणाल्या.

मी पेटलेच. दाणे भिजवले, सालं काढली, शिजवून कोरडे केले, भुकटी लावून पळसाच्या पानांत बांधले आणि चुलीमागं गोधडीत ठेवले. तिसऱ्या दिवशी पाहते तर गोधडी रिकामी. सासूबाई परसात कोमट पाण्यात दाणा न् दाणा चोळून धूत बसलेल्या.

"बुरशी लागली होती. साफ करून देल्ली तुले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईनं मुद्दाम केलं, माझी खात्रीच होती.

दुसऱ्या खेपेला मी गोधडीजवळून हलले नाही. सकाळी वड्या तळल्या. मेल्या तेल काय प्यायल्या! त्यात तासन्‌तास जाळलेलं सरपण धरलं तर डाळच स्वस्त पडली असती, पण ते मी कशाला कबूल करू? पाणी घेऊन विहिरीवरून आले, तर सासूबाई भिंतीकडे तोंड करून वड्या खात होत्या.

"चोरून खाऊन राह्यल्या काय, आत्याबाई?"

"दोन खाल्ल्या. संध्याकाळलोक मले काई झालं नाही, तं मंग पोराले वाढ. तू तं हातच नको लावू."

"माह्यावर एवढा पण भरोसा नाही?"

"दोन महिने झाले, तू बाहेर बसली नाही. मले समजत नाही काय?"

ही गोष्ट मी अजून ह्यांनाही सांगितली नव्हती. मला रडूच फुटलं. दुपारी त्या आडव्या झाल्या आणि मी उशाशी बसून त्यांचं तोंड न्याहाळत राहिले. माझ्याच हातच्या वड्यांचा मला संशय यायला लागला होता.